मला विझू द्या

मी जळत राहावं एवढंच तुम्हाला हवं होतं. मी खरी आहे का, हे तुमच्यापैकी एकानेही विचारलं नाही.

मी एक ज्योत बोलतेय. मला धग नाही. नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या संगणकात, आकडेमोडीतून माझा जन्म झाला. द्रवरूप अमोनियाचा फवारा इंधन म्हणून घुसळत्या हवेत सोडला तर तो जळतो का, हे आधी संगणकात पाहायचं. म्हणजे खऱ्या भट्टीपाशी कुणाच्या जिवावर बेतायला नको. माझं काम एवढं साधं होतं.

सुरगाण्याहून शिकायला आलेली तृप्ती मला घडवत होती. एकेक गणित चार-चार दिवस चाले आणि दर वेळी मी विझत असे. अमोनियाच्या थेंबांची वाफ होताना ते भोवतालची सगळी ऊब पिऊन टाकतात. मग मी जगणार कशी? तृप्तीने माझं विझणं जसंच्या तसं लिहून ठेवलं. तेव्हा ती मला आवडली होती.

डॉक्टरेट मिळवलेल्या तिच्या सरांना मात्र विझलेली ज्योत म्हणजे अपशकुन वाटला.

"अगं, गुरुवारी अंबडचे कारखानदार येताहेत. त्यांना काय काळा पडदा दाखवू?"

"सर, पण ती विझतेच."

"थेंब गार करतात ना, ती प्रोग्राममधली ओळ बंद कर. प्रबंधावर सही हवीय की नको?"

ओळ बंद झाली. मी भडकले. जत्रेतल्या पडद्यावर रंगवावी तशी.

आज गुरुवार. मोठ्या पडद्यावर मी नारिंगी होऊन नाचतेय आणि शिकलीसवरलेली माणसं माना डोलावताहेत. या चित्रावरून अंबडला खरी भट्टी उभी राहील. तिच्यात मी विझेन, आणि न जळलेला अमोनिया कामगारांच्या डोळ्यांत, छातीत जाईल. हे सरांना ठाऊक आहे. भिंतीला टेकून गप्प उभ्या असलेल्या तृप्तीलाही ठाऊक आहे. तिची मला कीव येत नाही.

मला विझू द्या. माझ्यात तेवढंच खरं होतं.

"काही शंका?" सर हसून विचारतात.

कारखानदार मान हलवून नाही म्हणतात. चहाचा ट्रे घेऊन आलेले शिपाई देवराम मात्र पडद्यावरचं 'अमोनिया' वाचून थबकतात. इथे लागण्यापूर्वी बारा वर्षं ते द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये होते. तिथला गारवा अमोनियाचाच.

"सर, आमच्याकडं हाच गळायचा तवा पाइपावर बर्फ धरायचा," ते म्हणतात. "तुमचा बरा गारठत नाय."