पाणी कुठे सुरू होतं

माझा आवाज तळ्याच्या पलीकडच्या काठापर्यंत जातो. ही फुशारकी नाही, धंद्याची गरज आहे. मी तळ्यावर होड्या भाड्यानं देते. पायानं चालवायच्या, वल्ह्यांच्या, आणि एक इंजिनची, ती मात्र कुणाला देत नाही. वेळ संपली तरी गिऱ्हाईक मधोमध पाय मारत गप्पा हाणत बसतं. त्याला परत आणायचं तर घसा हवाच. तोच घसा मी घरीही वापरते असं माझ्या मुलीचं म्हणणं आहे. वापरत असेन. घसा काही कामावरून आल्यावर खुंटीला टांगून ठेवता येत नाही.

मुलगी लोकांचे डोळे तपासते, चष्मे बनवून देते. जावई लिफ्टची दुरुस्ती करतो. चष्म्याचा नंबर काढायला तिच्याकडे गेला आणि जावई होऊन बाहेर आला. दिवसभर इमारतीच्या पोटात अंधारात लोंबकळणाऱ्या माणसाला सुट्टीच्या दिवशी मोकळी हवा हवी, हे मला कळतं. उडायचं खूळ घरात त्यानंच आणलं. पण वर गेला की त्याच्या पोटात ढवळायला लागायचं, म्हणून त्यानं थोड्याच दिवसांत नाद सोडला आणि गळ्यात कॅमेरा अडकवला. खूळ उरलं ते माझ्या मुलीच्या डोक्यात.

पॅरामोटर म्हणतात त्याला. डोक्यावर कापडाचा लांबलचक पंख, त्याच्या ढीगभर दोऱ्या खांद्यांशी येतात, आणि पाठीवर इंजिन, त्याला मागे माणसाएवढा पंखा. छातीला एक पट्टा, दोन्ही मांड्यांना एकेक. पळत सुटायचं आणि उडायचं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हटलं, पोटच्या पोरीनं पाठीला पिठाची गिरणी बांधलीय आणि निघाली आभाळात.

उंच उडाली असती तर मी काही बोलले नसते. म्हणजे बोलले असते, पण कमी. हिला उंच जायचंच नसतं. हिला पाण्याला चिकटून जायचं असतं, पायाचा अंगठा पाण्यात ओढत.

"वर गेलं की काहीच वाटत नाही गं, आई," ती म्हणते. "खुर्चीत बसल्यासारखं. खाली आलं की कळतं आपण किती जोरात चाललोय. पाणी पायाखालून नुसतं सुसाट पळतं."

"आणि त्या पाण्यात पडलीस म्हणजे?"

"त्यासाठी तू आहेस ना."

झालं. त्या दिवसापासून मी तिच्या मागे होडी घेऊन आहे. जमिनीवर पडलं तर पाय मोडतो. पाण्यात पडलं तर आधी काहीच मोडत नाही, फक्त पाठीवरचं इंजिन खाली ओढायला लागतं आणि माणूस पट्ट्यांत बांधलेला असतो. म्हणून इंजिनाच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी पिशव्या लावल्या आहेत. पाणी लागलं की त्या आपोआप हवेनं फुगतात. त्यांनी इंजिन तरंगतं. पण इंजिन वर तरंगतं आणि माणूस त्याच्याखाली पालथा लटकतो, हे मला तिच्या शिकवणाऱ्या सरांनी समजावलं, आणि मग मी झोपले नाही.

मी काय केलं, होड्यांच्या शेडमधल्या तुळईला तो पट्ट्यांचा सगळा सांगाडा टांगला. मुलीला त्यात पालथी बांधली, डोळ्यांवर टॉवेल घट्ट बांधला, गरगर फिरवली आणि तोंडावर बादलीभर पाणी मारलं. "सोड! छाती, डावी, उजवी!" छातीचा पट्टा, डावी मांडी, उजवी मांडी. याच क्रमानं, डोळे मिटून, श्वास रोखून. जावईबापू कोपऱ्यात उभे राहून हसत होते. मी म्हटलं, तुम्ही पण या, तुम्हालाही बांधते. मग हसायचे थांबले.

सरांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, आणि सगळं त्याच गोष्टीवर येऊन अडतं. वारा पडलेला असला की उडायला उत्तम. पण वारा पडला की पाणीही थिजतं, आरशासारखं होतं, आणि मग आरसा कुठे आहे ते वरच्या माणसाला दिसत नाही. आपण पाण्यापासून हातभर वर आहोत की पुरुषभर, काही कळत नाही. म्हणून होडी थांबवायची नाही. ती घिरट्या घालत राहिली की लाटा उठतात, आणि लाटा दिसल्या की पाणी दिसतं. माझं काम एवढंच, पाणी मोडत राहायचं. तिला पाणी दिसावं म्हणून.

तिच्या दुकानात तपासणीच्या खुर्चीसमोरची भिंत रिकामी आहे. तिथे तिला मोठा फोटो लावायचा होता. आपला स्वतःचा, पाण्यावर, पाय टेकलेले.

त्या सकाळी वाऱ्याचा मागमूस नव्हता. ती काठावरच्या गवतातून धावली आणि वर गेली. मी होडीच्या इंजिनाशी, सुकाणूचा दांडा हातात. मनगटाला लाल दोरी. चालवणारा पाण्यात पडला तर होडी एकटी भटकू नये म्हणून ही दोरी असते. तिचं दुसरं टोक इंजिनात चिमट्यानं बसवलेलं, ते निघालं की इंजिन बंद. जावई पुढे बसून फोटो काढत होता. मी घिरट्या घालत होते. मुलगी दोनदा खाली येऊन, पाण्यावर पायानं पांढरी रेघ ओढून गेली. छान चाललं होतं, उगाच कशाला खोटं बोलू.

मग वॉकीटॉकीवर तिचा आवाज आला. "आई, जरा होडी थांबव. फोटोत नुसत्या लाटा येतायत. मला प्रतिबिंब हवंय."

"थांबणार नाही."

"एकच फेरी."

"अर्धी पण नाही. गुपचूप लाटांवर उड नाहीतर घरी चल."

"आई, एकच फेरी देऊ या तिला," जावई म्हणाला.

"जावईबापू, तुम्ही तुमचं बटण दाबा."

त्यानं दाबलं नाही. तो वाकत वाकत मागे आला, माझ्याकडे बघून गोड हसला आणि इंजिनातला चिमटा ओढून काढला. इंजिन बंद. दोरी माझ्या मनगटावरून नुसती लोंबायला लागली. मी त्याला जे बोलायला तोंड उघडलं ते तसंच राहिलं, कारण समोर पाणी शांत होत चाललं होतं. लाटा पसरत पसरत काठाला गेल्या आणि मिटल्या. मी जन्मभर या तळ्यावर आहे. पण माझी होडी कायम काहीतरी हलवत असते. एवढं गप्प तळं मी कधी बघत बसले नव्हते.

ती लांबून वळली आणि खाली यायला लागली. खालून दुसरी तिच्याकडे वर यायला लागली. तोच पंख, तेच इंजिन, तेच पिवळे बूट. दोघी एकमेकींकडे उतरत होत्या. माझ्या अंगावर काटा आला, आणि खरं सांगते, तो भीतीचा नव्हता. फार सुंदर दिसत होतं ते. मी उठून उभी राहिले. शेजारी कॅमेरा कटकट कटकट वाजत होता.

पायाला पाय लागले. ती थांबली नाही. घोटे गेले, गुडघे गेले, आणि ती तोंडावर आपटली. मागचा पंखा पाण्यात घुसला, त्याचे तुकडे उडाले. पाण्याचा फवारा झाडाएवढा उठला आणि खाली बसला. कापडाचा पंख तिच्या पुढे जाऊन हळूच पाण्यावर पसरला, आमच्या होडीच्या बाजूला. मग काही नाही. दोन नारिंगी पिशव्या फुगून वर आल्या, मध्ये इंजिनाची चौकट. मुलगी कुठेच नाही.

मला वाटलं होतं, असं काही झालं तर मी किंचाळेन. घशातून आवाजच निघाला नाही. मी उभी होते आणि डोक्यात एकच चालू होतं, आत्ता तर होती. आत्ता तर होती. हातपाय माझे होते पण माझं काही ऐकत नव्हते.

हललं कोण, तर जावई. त्यानं लोंबणारा चिमटा पकडून इंजिनात खुपसला, दोर ओढून इंजिन चालू केलं आणि दांडा दाबून होडी सरळ तिच्याकडे सोडली. सरळ म्हणजे त्या पसरलेल्या कापडावरून, त्या सगळ्या दोऱ्यांवरून. माणूस पाण्यात पडला की इंजिन लावून त्याच्याकडे जायचं नाही, वल्ह्यांनी जायचं, हे मी दोघांना शंभरदा सांगितलं असेल. दोऱ्या होडीच्या प्रोपेलरमध्ये गुंडाळल्या जातात. त्यांच्या दुसऱ्या टोकाला माणूस असतो.

"इंजिन नको!" मी ओरडले. "अरे गाढवा, बंद कर ते!" मुलीचं लग्न झाल्यापासून त्याला अहो-जाहो करते मी. हा घसा पलीकडच्या काठावर ऐकू जातो. हातभर अंतरावरच्या माणसाला ऐकू गेला नाही. तो नारिंगी पिशव्यांकडे बघत होता आणि तिचं नाव घेत होता, परत परत, अगदी हळू आवाजात.

इंजिन घुरघुरलं. होडीला हिसका बसला. आणि त्या दोन पिशव्या आमच्याकडे यायला लागल्या, ओढल्यासारख्या, आणि येता येता एक पाण्याखाली गेली. बंद व्हायला नको होतं तेव्हा बंद झालं आणि चालू व्हायला नको होतं तेव्हा चालू. आम्हीच तिला बुडवत होतो.

मी उडी मारली. विचार करून नाही. पण लाल दोरी माझ्या मनगटाला होती आणि ती माझ्याबरोबर गेली. इंजिन गप्प झालं. पाण्याखालीही मला ते गप्प झालेलं कळलं.

गळ्यात माझ्या पट्टे कापायचा आकड्याचा चाकू कायम असतो. मी पिशव्यांच्या खाली गेले. ती लटकत होती, पालथी, केस सगळे पुढे. तिचे डोळे मिटलेले होते आणि हात चालू होते. छाती सुटली होती. डावी मांडी सुटली होती. उजव्या मांडीच्या बकलावर दोऱ्यांचा वेढा बसला होता आणि त्या दोऱ्यांखाली तिची बोटं बकल शोधत होती, न घाबरता, शेडमध्ये शोधायची तशीच. मी हात लावला तर तिनं झटकला. तिला वाटलं दोरीच आहे. मग बोटं मंद झाली. मग थांबली.

मी तो पट्टा कापला. एका ओढीत कापला गेला नाही. दुसऱ्या ओढीत गेला. वर आलो तेव्हा जावयानं आम्हा दोघींना एकदमच ओढायचा प्रयत्न केला, आणि होडी उलटी व्हायची तेवढी राहिली. तिला आत घेतली. ती निळी होती. मी तिला पालथी करून पाठीत धपाटे घातले, लहानपणी घातले नसतील तेवढे. ती खोकली. पाणी ओकली. परत खोकली. जावई वल्ही घेऊन बसला, आणि त्याला वल्हवता येत नाही, म्हणून होडी गोल फिरायला लागली. पाण्यावर लाटाच लाटा उठल्या.

दवाखान्यात तिची छाती तपासली, दुपारपर्यंत बसवून ठेवली आणि घरी सोडली. आता आम्ही तिघं शेडमधल्या टेबलाशी होतो. ती माझ्या घोंगडीत. जावई समोर, मान खाली. पाण्यातून ओढून आणलेला तो सांगाडा तुळईला निथळत लटकत होता, कुणीही त्याच्याकडे बघत नव्हतं.

"ओरड ना आता," मुलगी म्हणाली. आवाज बसलेला होता. "कधीची गप्प आहेस. मला भीती वाटतेय."

मग मला कंठ फुटला. "डोळे फुटले होते का तुझे? अख्ख्या गावाचे डोळे तपासतेस! एवढं थोरलं तळं समोर, आणि तुला पाणी दिसलं नाही? काय बघत होतीस?"

"पाणीच बघत होते," ती म्हणाली. "मला ते अजून लांब दिसत होतं. पुरुषभर तरी खाली. तिथे ढग होता, आई. मी त्या ढगाकडे उतरत होते. पाय ओले झाले तेव्हा मला कळेना, हे मध्येच काय लागलं."

"काहीतरी सांगू नकोस. आंधळ्यालाही दिसलं असतं."

तिनं जावयाच्या गळ्यातला कॅमेरा मागितला. तो सकाळपासून तिथेच होता, काढायचं त्याला सुचलंच नव्हतं. तिनं बटणं दाबली, एका ठिकाणी थांबली आणि कॅमेरा न फिरवता तसाच टेबलावरून माझ्याकडे सरकवला. लेन्सनं जवळ ओढून घेतलेला फोटो होता, फक्त गुडघ्यांपासून खालचा. पिवळ्या बुटांचे दोन जोड, तळव्याला तळवा. वर आभाळ, खाली आभाळ. मध्ये रेघ नाही, डाग नाही, काही नाही.

"यातली मी कुठली?" तिनं विचारलं.

मी चष्मा लावला. तिनंच बनवून दिलेला, गेल्याच वर्षी नंबर काढून. आई आहे मी तिची. ते बूट मी धुतलेत. मी नीट पाहिलं, डावीकडून, उजवीकडून, आणि एका जोडावर बोट ठेवलं.

"ही."

जावयानं हात पुढे केला आणि माझ्या बोटाखालीच कॅमेरा हळूच सुलटा फिरवला. माझं बोट खालच्या जोडावर होतं. पाण्यातल्या.

मला आणखी पुष्कळ बोलायचं होतं. सगळं तोंडाशी आलेलं होतं, दोघांसाठीही. मी बोट उचललं नाही. मुलीनं घोंगडीतून हात बाहेर काढून माझा हात धरला आणि ते बोट वरच्या जोडावर नेऊन ठेवलं.