बारा हातांचा चर

फसली तेराशे पंचावन्न, म्हणजे इंग्रजी पंचेचाळीस सालच्या मार्गशीर्षातली ही गोष्ट.

"किती हात म्हणालीस?"

"बारा."

"बारा हात! आगगाडी सोडतीस काय त्यातनं?" सिद्धलिंग कारभारी म्हणाला, अन् भोवतालची माणसं हसली. कारभारी बोलला की हसायचं असतं, हे त्या गावातल्या पोरांना चालायच्या आधी कळत असे.

गिरिजाबाई हसली नाही. गढीच्या मागच्या आवारात ती फावड्याच्या दांड्यानं जमिनीवर रेघ ओढत होती. ती खाटकाची विधवा. नवरा गेल्यावर तिनं स्वतः सुरा धरला. बाईमाणूस बोकड कापतं म्हणून पहिल्या वर्षी गावानं नाकं मुरडली, दुसऱ्या वर्षी सोमवारच्या बाजारात तिच्याच ओट्यापुढं माणसं ताटकळू लागली. तो दगडी ओटा तिच्या आजेसासऱ्यापासून त्यांच्याकडं होता. पण गाव जहागिरीचं, बाजार जहागिरीचा, त्यामुळं ओटाही जहागीरदाराच्या मर्जीवर.

तिची खरी विद्या मात्र माहेरची, तामलवाडीची. तिची आई बाजारात उरलेलं मांस फुकट घालवत नसे. मिठात दोन दिवस मुरवायचं, लांब पट्ट्या करून बोरीच्या काटक्यांना टांगायचं आणि गार धुरी द्यायची. त्यासाठी जमिनीत बारा हातांचा चर खणायचा, त्यावर फरश्या टाकून माती लिंपायची. एका टोकाला खड्ड्यात बाभळीच्या ढलप्या अन् शेळ्यांच्या लेंड्या धुमसत ठेवायच्या. दुसऱ्या टोकाला बूड फोडलेला मोठा रांजण उभा करायचा, मांस त्यात. जमिनीखालून बारा हात चालून आलेला धूर रांजणात पोचेपर्यंत निवतो. आत हात घातला तर धूर लागावा, ऊब लागू नये. आठ दिवस असं राखलेलं मांस दोन महिने टिकतं.

हे जहागीरदाराच्या कानावर गेलं होतं. हैदराबादेहून मेहमान यायचे होते, माळावर पंधरा दिवसांचा शिकारीचा तळ पडायचा होता. शिकार मिळेल न मिळेल, सोबत धुरीचं मांस हवं. हुकूम आला. पाच बोकड धुळाप्पा धनगराच्या कळपातून वेठीला आले, चर खणायलाही धुळाप्पाच वेठीला आला. गिरिजाबाईचे हातही वेठीचेच.

"हा चर माझ्या वाटेखालून जातोय," कारभारी वीस पावलांवरून म्हणाला. त्यानं उपरणं नाकाला लावलं होतं, अजून मांस यायचंच होतं तरी. "मी रोज महादेवाला जातो इथनं. माझ्या पायाखालून मांसाचा धूर?"

"मांसाचा कुठला, कारभारी? इस्तू त्या टोकाला, रांजण ह्या टोकाला. तुमच्या वाटंखालनं जाईल तवा धुरानं मांस बघितलेलंबी नसंल. नुसता बाभळीचा धूर. तुमच्या घरच्या चुलीतनंबी त्योच निघतो."

"धूर तो धूर. तीन हात बास."

"तीन हातांत धूर निवत न्हाय. मांस वरनं शिजंल, आत कच्चं ऱ्हाईल, आन् चार दिसांत वास मारंल. मग भिंतीकडनं तरी खणू द्या."

"तिकडं मेहमानांचे घोडे बांधायचेत."

"माझ्या दारात चर तयार हाय, तिथं करते."

"जहागीरदारांचं खाणं खाटकाच्या दारात? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" कारभाऱ्यानं धुळाप्पाकडं वळून डोळा बारीक केला. "ऐकलंस का रे? हिचा धूर गार असतो म्हणे. उद्या म्हणंल, माझा इस्तू ओला असतो."

पुन्हा सगळे हसले. धुळाप्पाही हसला.

मांस न खाणं हा काही कारभाऱ्याचा दोष नव्हता. गावातली निम्मी घरं खात नसत, अन् ती तिच्या कामात नाकही खुपसत नसत. ज्या कामाचं ओ की ठो कळत नाही त्यात हुकूम सोडायचा, हे एकट्या सिद्धलिंगाचंच. गिरिजाबाईनं फावडं जमिनीत रोवलं.

"मग समद्यांच्या देखत बोला," ती म्हणाली. "तीन हात म्या न्हाय म्हणले. तुमी म्हणलाव."

"मी म्हणलो. सिद्धलिंग कारभाऱ्याचा हुकूम. झालं समाधान?"

चर तीन हातांचा झाला.

पहिल्याच सकाळी तिनं रांजणात कोपरापर्यंत हात घातला अन् शिवी हासडली. आत चांगलीच ऊब होती. मीठ धरलेल्या पट्ट्यांमधून चरबी टपटपत होती. तिनं विस्तव निम्मा केला, रांजणाला ओली पोती गुंडाळली, फरश्यांवर घागरीनं पाणी ओतलं. रागावली होती म्हणून काम मुद्दाम बिघडू देणं तिला जमलं नसतं. पण धुराला जमीनच पुरत नव्हती, तिथं तिचं कसब तरी किती पुरणार? आठ दिवस थांबायला सवड नव्हती. पाचव्या दिवशीच टोपल्या भरून गाडी निघाली. गाडीवर धुळाप्पा होता.

तिनं गाडीचं जू धरून ठेवलं. "धुळाप्पा, तळावर खानसाम्याला सांग. दोन दिसांत खा म्हणावं. न्हायतर फेकून द्या. तिसऱ्या दिवशी कुणाच्या पोटात जाऊ देऊ नगा."

"सांगतो, वैनी."

"इसरू नगंस."

"सांगतो म्हणलं की."

धुळाप्पानं सांगितलं नाही. खानसाम्यानं उलट विचारलं असतं, ते कारभाऱ्यापर्यंत गेलं असतं, अन् धुळाप्पाची दीडशे मेंढरं जहागिरीच्या कुरणात चरत होती. चौथ्या दिवशी मेहमानांपुढं ताट आलं अन् मेहमान नाक दाबून शामियान्याबाहेर गेले. जहागीरदारानं कारभाऱ्याला काय ऐकवलं ते गावाला कळलं नाही. कारभाऱ्यानं गिरिजाबाईला काय ऐकवलं ते मात्र भर दुपारी, चावडीपुढं, सगळ्या गावानं ऐकलं.

"मांस नासवलंस. जहागीरदारांची बेइज्जती केलीस."

"नासलेलं तुमी बघितलं?"

"मी कशाला बघू?"

"मग वास घेतला?"

"शिव शिव! मी मांसाचा वास घेऊ?"

"डोळ्यानं बघितलं न्हाय, नाकानं हुंगलं न्हाय, जल्मात हात लावला न्हाय. मग चर किती हात पायजे ह्ये तुमाला कुणी शिकवलं, कारभारी?"

या वेळी कुणी हसलं नाही. कारभाऱ्याच्या कपाळावरचं भस्म घामानं ओलं झालं. ती गर्दीकडं वळली.

"धुळाप्पा, तू खणत व्हतास. तीन हात कुणी म्हणलं? सांग."

धुळाप्पा आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिला. "ध्यानात न्हाय, वैनी."

"आन् दोन दिसांत खा म्हणून सांगावा दिल्ता, त्यो?"

या वेळी त्यानं तिच्याकडं पाहिलंच नाही. उत्तर कारभाऱ्याला दिलं. "न्हाय जी. सांगावा न्हवता."

कारभाऱ्यावरचा राग जुना होता. पायात रुतून बसलेल्या काट्यासारखा, चालताना सोसायचा. हा राग नवा होता. तिला वाटलं, हातात सुरा नाही ते बरं आहे.

"ओटा काढून घेतला," कारभारी म्हणाला. "येत्या सोमवारपासून लिंबाजी बसंल."

लिंबाजी तिचा चुलतदीर. मांसावर पाणी मारून वजन वाढवणारा.

सोमवारी बाजार भरला तेव्हा लिंबाजी ओट्यावर बसला होता. गिरिजाबाई आली. तिनं पदर खोचला, ओट्यावर चढली अन् मांस तोडायचा चिंचेचा ओंडका आडवा पाडला. तीन पिढ्यांच्या घावांनी तो मधोमध खोलगट झाला होता. दोन गड्यांना उचलायला जड.

"ओटा जहागिरीचा असंल," ती म्हणाली. "ह्यो माझ्या आजेसासऱ्यानं आणल्याला हाय."

"आगं वैनी, मग म्या कशावर कापू?"

"कारभाऱ्याच्या हुकमावर काप."

तिनं ओंडका खाली लोटला. बाजारातून तो ढकलत निघाली. मिरच्यांची पोती, बांगड्यांची दुकानं, गुळाच्या ढेपा. लोक बाजूला होत गेले. वाणीआळीच्या चढाला ओंडका मागं सरकायला लागला, तिनं खांदा लावला. तेवढ्यात धुळाप्पा पुढं आला.

"हात लावतो, वैनी."

"लावून तर बघ. तोडीन."

तो तिथंच थांबला. चढ तिनं एकटीनं संपवला.

पुढं अडीच-पावणेतीन वर्षांनी पोलीस ॲक्शन झालं, पाठोपाठ जहागिरी गेल्या. जहागीरदार हैदराबादेला गेला तो परत गावात दिसला नाही. सिद्धलिंग कारभारी लातूरला लेकाच्या डाळीच्या दुकानात गादीवर बसू लागला. त्या खाटकिणीनं मुद्दाम मांस नासवलं, असं तो शेवटपर्यंत सांगत असे, अन् ऐकणारे मान डोलवत असत. लिंबाजीला दोन वर्षांतच गिऱ्हाईक उरलं नाही. तो सोलापूरच्या गिरणीत लागला, तिथंच वारला. ओट्याचे दगड ग्रामपंचायतीच्या पायऱ्यांना गेले.

ओटा गेला तशी गिरिजाबाई तामलवाडीला माहेरी गेली होती. परसात तिनं बारा हातांचा चर खणला. तिच्या धुरीच्या मांसासाठी सोलापूरहून माणसं येत. गावानं नंतर बोलावणं पाठवलं, ती गेली नाही.

धुळाप्पा मात्र यायचा. दर दसऱ्याला, एक बोकड घेऊन, चार कोस चालत. वाटेत दुसरे खाटीक होते, पण तो तिच्याच दारात उभा राहायचा. ती बोकड कापून द्यायची, मजुरी घ्यायची नाही, अन् त्याच्याशी बोलायचीही नाही. तोही बोलत नसे. अशी अकरा वर्षं गेली.

बाराव्या दसऱ्याला बोकड घेऊन धुळाप्पाची सून आली. गिरिजाबाईनं हातातला सुरा खाली ठेवला, तिला बसायला पोतं दिलं, तांब्याभर पाणी दिलं. तिचं पाणी पिऊन होईपर्यंत थांबली.

मग विचारलं, "म्हातारा कधी गेला?"