पुरे

थोरल्या बाईंच्या घरात 'पुरे' या शब्दाला किंमत नव्हती. ताटावर बसलेल्याने 'पुरे' म्हटले की त्याचा अर्थ 'आणखी एक वाढा' असाच घ्यायचा, हा त्यांचा शिरस्ता. लेक लहानपणी दोन्ही तळवे ताटावर आडवे धरायची. बाई बोटांच्या फटीतूनही वाढत. हात आखडून त्यांनी कधी कुणाला काही दिले नव्हते.

तीच लेक आता अतिदक्षता विभागात, घशात नळी घेऊन, निपचित पडली होती. न्यूमोनियाने दोन्ही फुफ्फुसे धरली होती. श्वास द्यायचा तो यंत्राने. बाई खाटेशेजारी ताठ बसून तिच्या छातीकडे पाहत. छाती हलल्यासारखी करी, इतकेच.

"याला काय श्वास म्हणायचा? चिमणीसुद्धा याहून मोठा घेईल," त्या तरुण डॉक्टरीणबाईंवर कडाडल्या. "यंत्राला काय धाड भरलीय? एवढी काटकसर कशाला?"

"आजी, त्यांची..."

"मी तुझी आजी नाही."

डॉक्टरीण स्टूल ओढून समोर बसली. "बरं, बाई. फुफ्फुसाचा बराच भाग पाणी भरून बंद पडलाय. उघडा उरलाय तो तान्ह्या बाळाच्या फुफ्फुसाएवढा. मोठ्या माणसाचा श्वास त्यात कोंबला, तर ताणून फाटेल ते. म्हणून थोडा थोडाच देतोय. पडद्यावर ऑक्सिजनचा आकडा कमी दिसतो, पण सध्या तेवढा पुरे."

पुरे! बाईंच्या कपाळावर आठी चढली.

"आई, त्या म्हणतायत तर..." जावई पुटपुटले.

"तुम्ही राहू द्या, जावईबापू. तुम्हाला जेवतानासुद्धा मीठ मागायचं धैर्य होत नाही."

बाई उठल्या आणि थेट विभागप्रमुखांच्या खोलीत गेल्या. ते शिकत असताना बाईंकडेच जेवायला असत. त्यांनीही तेच समजावले, दोनदा समजावले. बाई म्हणाल्या, "माझ्या हातचं खाऊन डॉक्टर झालास. माझ्या लेकीला दोन घास हवा जास्त द्यायला तुझा हात मागे येतो?"

त्यांची मान खाली गेली. "थोडं वाढवून बघतो, आई."

दुपारी लेकीची छाती भरभरून वर येऊ लागली. आकडा चढला. बाईंनी कितीतरी दिवसांनी कपभर चहा संपवला. "बघितलंत?" त्या जावयांना म्हणाल्या. "पोटभर मिळालं की माणूस उभं राहतं." डॉक्टरीण पुन्हा पुन्हा येऊन यंत्राकडे पाहत राहिली.

दिवस कलताना बाईंनी लेकीच्या मानेवरून हात फिरवला, आणि बोटांखाली काहीतरी करकरले. कोऱ्या साडीची घडी दाबावी तसे. पण कातडीच्या आत. त्यांनी हात झटकन मागे घेतला. "अगं पोरी, इकडे ये!"

डॉक्टरिणीने तिथेच बोट टेकवले आणि तिचा चेहरा उतरला. "हवा फुफ्फुस फोडून बाहेर येतेय."

धावपळ झाली. कोंडलेली हवा काढायला बरगड्यांमधून नळी घातली, यंत्राचा श्वास पुन्हा कमी केला. विभागप्रमुख बाईंसमोर येऊन उभे राहिले. "आजारच असा होता, आई. श्वास वाढवला नसता तरी कदाचित..."

"मला गोंजारू नकोस," बाई म्हणाल्या. आवाजात जरब होती.

सकाळपर्यंत आकडा उतरतच गेला. डॉक्टरीण जावयांना हळूच म्हणाली, "यंत्राचा दाब अजून वाढवता येईल. पण फुफ्फुस आणखी फाटेल, आणि त्यातून त्या परत येतील असं मला वाटत नाही. काय करायचं, सांगा."

जावयांनी, सवयीप्रमाणे, सासूबाईंकडे पाहिले.

बाई खाटेजवळ सरकल्या. मग नळ्यांना धक्का लागू न देता त्यांनी लेकीचे दोन्ही गार तळवे उचलले आणि तिच्या छातीवर आडवे ठेवले. ताटावर ठेवायची तसेच.

"ती पुरे म्हणतेय," त्या म्हणाल्या. "आता वाढू नका."