लग्न जमेपर्यंत

रविवारी सकाळी चारकोपच्या घरात रेवतीच्या साखरपुड्याची यादी चालली होती. तिची आई कुंदा चहा ओतायला उठली आणि अर्धा चहा कपाबाहेर, ओट्यावर सांडला. तिला ते दिसलंच नाही.

"आई, हात भाजेल!" रेवती धावली. "कधीपासून होतंय हे?"

"वय झालं गो," कुंदा कसनुसं हसली.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून रेवतीने तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. तपासण्या दुपारपर्यंत चालल्या. "काचबिंदू आहे, फार पुढे गेलाय," डॉक्टर बाई म्हणाल्या. "यांचा कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, खूप पातळ आहे. अशा डोळ्याचं प्रेशर मशीनवर खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतं. माणूस निर्धास्त राहतो आणि आतली नस सुकत जाते."

कुंदा पुटपुटली, "दोन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या शिबिरात प्रेशर नॉर्मल आलं होतं. पण पडद्याची जाडी मोजून घ्या, म्हणून चिठ्ठी दिली होती."

"मग मोजली का नाही?" रेवतीने विचारलं.

"ते बाबांना विचार," कुंदा म्हणाली.

गेलेली नजर परत येणार नव्हती. थेंब घालून उरलेली जपायची, एवढंच हाती होतं. आजार रक्तात उतरू शकतो, म्हणून डॉक्टरांनी रेवतीलाही तपासलं. तिचाही पडदा पातळ निघाला. आजार नव्हता; पण दरवर्षीची तपासणी चुकवायची नव्हती.

घरी तिने वडिलांना विचारलं. नंदकिशोरने नजर चुकवली. "मीच म्हटलं, तुझं लग्न जमेपर्यंत थांबू. आईला काचबिंदू निघाला तर कोण करून घेणार आपली पोरगी?"

"आणि आई, तू ऐकलंस?"

"तुझ्यासाठीच ना गो."

रेवती आईच्या मांडीत डोकं खुपसून रडली. मग उठून तिने होणाऱ्या नवऱ्याला, श्रेयसला, फोन लावला. वडील हात जोडत राहिले, तरी तिने आईचं आणि स्वतःचं, सगळं सांगितलं. "घरी बोलतो," एवढंच तो म्हणाला. तिसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांचा फोन आला: मुलाला इतक्यात लग्न करायचं नाही.

कुंदा हुंदके देऊ लागली. "माझ्यापायी तुझं वाटोळं झालं."

"दोन वर्षं मी स्थळं बघत होते आणि तू आंधळी होत होतीस," रेवती म्हणाली. "हे ओझं घेऊन मी कुठल्या सासरी गेले असते, आई?"

नंदकिशोरने पार्ल्याला कुंदाच्या भावाला फोन लावला. "अण्णा, कुंदाची नजर गेली. काचबिंदू. मी लपवलं. तुम्ही तपासून घ्या. तुमच्या दोन्ही मुलींचेही डोळे दाखवा."

पलीकडून अण्णांनी आवाज खाली आणून विचारलं, "आणखी कोणाला सांगितलं नाहीत ना?"