मिठाखालचं शहर

टेबलाभोवती बसून, फासे टाकत, सगळ्यांनी मिळून गोष्ट रचायचा एक खेळ असतो. त्यासाठी ताई एका काल्पनिक जगाचं पुस्तक लिहीत होती: मिठाच्या सरोवराखाली बुडालेलं शहर, तिथले राजे, चोर, शाप. नकाशे धाकटा भाऊ काढायचा. दोघांचं छान जमलं होतं. पण एके दिवशी दुसऱ्याच एका प्रकाशकाची जाहिरात आली आणि ताईच्या पायाखालची वाळू सरकली. त्यांच्याही खेळात मिठाखालचं शहर!

पुस्तकाबद्दल घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. मग फोडलं कुणी? तेव्हापासून भावाचं सगळंच तिला खटकू लागलं. फोन आला की हा गॅलरीत का जातो? ती खोलीत आली की कागद का उलटा ठेवतो? संशय एकदा घरात शिरला की पाट मांडूनच बसतो.

शेवटी तिने गळ टाकला. "त्या शहरातल्या घंटा मेलेली माणसं वाजवतात," असं तिने त्याला एकट्यालाच सांगितलं. पुस्तकात असलं काहीच नव्हतं.

पुढच्या जाहिरातीत घंटा होत्या. वाजवणारी मेलेली माणसंही.

"कुणाला जाऊन सांगितलंस?" ताई कडाडली.

भावाच्या हातातली पेन्सिल थांबली. "मी? बाबांना. मी त्यांची दाढी करून देतो ना, तेव्हा रोज विचारतात, आज शहरात काय झालं म्हणून."

आवाज ऐकून बाबा काठी टेकत बाहेर आले. "बागेत एक मुलगा बसतो गं माझ्या शेजारी. पुढे काय, पुढे काय, करून इतक्या आवडीने विचारतो! खेळांची पुस्तकं काढतात म्हणे त्याच्या ऑफिसात..." बोलता बोलता त्यांनी जीभ चावली. मग हळूच म्हणाले, "माझं एवढं ऐकून घेतं कोण?"

ताईचा राग जागच्या जागी विरला. म्हाताऱ्या माणसावर ओरडणार तरी काय? गेलं ते गेलंच. तिने सरोवर खोडलं आणि डोंगराच्या पोटात नवं शहर वसवायला घेतलं. भावानेही जुने नकाशे गुंडाळून ठेवले.

"घंटांचं मला खोटं सांगितलंस," एवढंच तो म्हणाला.

तिने माफी मागितली, त्याने मान हलवली. पण आता ती काही सांगायला लागली की तो आधी विचारतो, "हे खरं, की फक्त माझ्यापुरतं?"