बर्चचं लाकूड

“फक्त मोठ्याने वाचू नकोस,” टाउनो म्हणाला.

शनिवारची संध्याकाळ होती. मी सौनाच्या, म्हणजे आमच्या वाफेच्या न्हाणीघराच्या, चुलीत लाकडं सारत होते आणि तो टोपी हातात धरून दारात उभा होता. एवढ्या वर्षांत त्याने माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. विहिरीचा पंप दुरुस्त करायला यायचा तेव्हा कॉफीसुद्धा दुसऱ्यांदा विचारल्याशिवाय घ्यायचा नाही.

“उद्या मी तीच रायफल आणणारे. माझी आयली येतेय बघायला. तुला नियमानं जे लिहायचं ते लिही, त्यात एक अक्षर सोडू नकोस. पण वाचू नकोस, सेल्मा.”

ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी आमच्या चांदमारीवर जुन्या रायफलींचा सामना असतो. कुठल्या कुठल्या सैन्यांनी वापरून, मग जड झाल्या म्हणून विकून टाकलेल्या रायफली. आमच्यातल्या बहुतेकांपेक्षा त्या वयाने मोठ्या. दुर्बीण लावायची नाही. आपला उघडा डोळा आणि नळीच्या टोकावरची, नेम धरायची लोखंडी माशी, एवढंच. सामन्याआधी प्रत्येक रायफल माझ्या टेबलावर येते. मी ती तपासते, वहीत लिहिते, आणि काय लिहिलं ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचते. दस्त्याचं लाकूड सैन्यातून आलं तसंच हवं. घासलेलं, रंगवलेलं असेल तर रायफल स्पर्धेबाहेर; गोळ्या झाडायच्या, पण नंबर नाही. हा नियम टाउनोनेच लिहिलेला.

टाउनो लाहतिनेन तांब्याच्या खाणीत पंपवाला होता. बावीस वर्षं जमिनीखाली उभं राहून त्याने माणसांच्या पायाखालचं पाणी उपसलं. खाण बंद पडल्यावर गावातल्या विहिरी त्याच्याकडे आल्या. घराच्या मागच्या खोलीत अकरा रायफली. त्यांना तो कधी चमकवायचा नाही. जवसाच्या तेलाचा एक थेंब तळहातावर घ्यायचा आणि लाकडाला असा लावायचा की जणू झोपलेल्या लेकराच्या कपाळाला लावतोय. म्हणायचा, पुसायचं, घासायचं नाही.

माझा नवरा गेला त्या वर्षी मी चांदमारीवर नुसती कॉफी करायला जायचे. टाउनोने मला टेबलाशी बसवलं आणि रायफल वाचायला शिकवलं. हा खड्डा बघ, हिला कुणीतरी दगडावर टेकवून घास खाल्लाय. इथं लाकूड काळं पडलंय, इथं घामाचा हात असायचा. हा डावखुरा होता बिचारा. एकेक दस्ता तो असा वाचायचा की माणूस समोर येऊन बसायचा.

आणि सगळ्यांत लाडकी ती आमचे वाडवडील सोडून आले त्या फिनलंडची, एक्केचाळीस सालची, दस्ता तिकडच्या बर्च झाडाच्या लाकडाचा. पेटीतून आली तेव्हा काकवीसारख्या घट्ट ग्रीसमध्ये माखलेली होती. टाउनोने ती एक अख्खी संध्याकाळ सौनाच्या वरच्या फळीवर ठेवली. ग्रीस वितळून ओघळलं, लाकडाला घाम फुटला, आणि दस्त्याच्या मानेशी, जिथे अंगठा टेकतो तिथे, चाकूने कोरलेलं काहीतरी वर आलं. ई आणि एच, अशी दोन अक्षरं. त्यांच्याखाली नखाएवढं सुरूचं झाड, डावीकडे कललेलं.

त्या ‘ई. एच.’चा शोध त्याने किती घेतला. फिनलंडला पाच पत्रं धाडली. एकाचंच उत्तर आलं की अशा नावाची माणसं शेकड्यांनी होती, आणि परत न आलेलीही पुष्कळ. टाउनोने ते पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाला, ठीक आहे, मग माझ्याकडेच राहू दे त्याला. तेव्हापासून पहिली गोळी झाडण्याआधी त्याचा अंगठा त्या अक्षरांवरून एकदा फिरायचा. दारातून आत येताना उंबऱ्याला हात लावावा तसा.

नऊ वर्षांपूर्वी रुडीने आपली रायफल घासून, आरशासारखी करून आणली होती. रुडी बर्फ काढायचा नांगर चालवतो, बोलणंही नांगरासारखंच, वाटेत येईल ते बाजूला सारत जाणारं. टाउनोने रायफल उचलून बघितली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, “रुडी, तू एका माणसाचा चेहरा खरवडून काढलास.” रुडी दोन वर्षं त्याच्याशी बोलला नाही. पुढे बोलायला लागला, पण ते वाक्य काही विसरला नाही.

आता सौनाच्या दारात उभा राहून टाउनो मला सांगत होता. जूनमध्ये तो मोतीबिंदू काढायला शहरात लेकीकडे गेला, आधी एक डोळा, मग दुसरा, असे तीन आठवडे. कोंबड्या कोण बघणार म्हणून त्याची बायको आयली घरीच राहिली. एकोणपन्नास वर्षांच्या संसारात आयलीने त्या मागच्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. माझ्या अकरा सवती, म्हणायची. या खेपेला घर रिकामं वाटलं असेल, किंवा नवे डोळे घेऊन येतोय तर काही छान दिसू दे असं मनात आलं असेल. आत गेली. टेबलावर तीच होती, सगळ्यांत काळी, सगळ्यांत मळकी, वर कुणीतरी चाकूने ओरबाडलेली. तीन आठवडे आयलीने काचकागद घेऊन ती घासली. सांधे सुजलेल्या त्या बोटांनी. मग व्हार्निशचे तीन हात दिले.

“घरी आलो तर दारातच घेऊन उभी. नव्या डोळ्यांनी पहिली वस्तू नीट दिसली ती तीच.”

“तू काय म्हणालास?”

“सुंदर झालीये म्हणालो. आणि सेल्मा, खरंच सांगतो, काम चांगलं केलंय तिनं. एक ओरखडा नाही ठेवला.”

त्याने अंगठा हवेतच एकदा फिरवला, टोपी घातली आणि गेला. रायफल घरी ठेवून यायची सोयच नव्हती. आयली आयुष्यात पहिल्यांदा चांदमारीवर येणार होती, स्वतः चमकवलेली ती रायफल बघायला.

रविवारी आयली निळं फुलाफुलांचं पोलकं घालून आली, कडेला वेलदोड्याच्या पावाची टोपली. घडीची खुर्ची माझ्या टेबलापासून चार पावलांवर मांडून बसली आणि पिशवीतून निळं जाड कापड काढून शिवायला लागली. शिवता शिवता गुणगुणत होती, तिच्या आजीचं काहीतरी जुनं,

*रानात गेली वाट, वाटेला बर्फ आला,*
*गेला तो कुणाचा ग, दारी हा कोण आला.*

बोटांची टोकं अजून सोललेली होती. दोन बोटांना चिकटपट्टी.

टाउनोची पाळी आली. त्याने घोंगडी उलगडली आणि रायफल टेबलावर ठेवली. मी सत्तर-ऐंशी रायफली वाचल्या असतील, पण अशी मुकी रायफल बघितली नव्हती. मधाच्या रंगाची, गुळगुळीत, पाण्यावर ऊन पडावं तशी झळकत होती. मानेशी अक्षरं होती तिथे लाकूड जरा खोल गेलं होतं, एवढंच. मी वहीत लिहिलं: टाउनो लाहतिनेन. फिनलंड, १९४१. लाकूड घासलेलं, व्हार्निश. स्पर्धेबाहेर.

लिहिलं आणि वही मिटली.

रांगेतली माणसं थांबली. एकोणीस वर्षांत मी वही न वाचता मिटली नव्हती. मागून कुणीतरी म्हणालं, “सेल्मा, वाच की.” आयलीने सुई थांबवून मान वर केली. चेहऱ्यावर परीक्षेला बसलेल्या पोरीची उत्सुकता.

“हिचा चष्मा हरवलेला दिसतोय,” रुडी म्हणाला. तो टाउनोच्या मागेच उभा होता. पुढे आला, रायफल दोन्ही हातांनी उचलली, उन्हात धरून उलटीसुलटी करून बघितली. मग टाउनोकडे बघितलं. नऊ वर्षं जपून ठेवलेलं ते वाक्य त्याच्या ओठांवर आलेलं मला दिसत होतं. टाउनो हलला नाही. खाणीत पाणी चढताना उभा राहत असेल तसा उभा होता.

रुडीने वही माझ्या हाताखालून ओढली. “मी वाचतो.”

पान उघडलं, वरपासून खालपर्यंत मनात वाचलं. मग त्याची नजर आयलीच्या बोटांवरच्या चिकटपट्ट्यांवर गेली आणि तिथे जरा राहिली.

“टाउनो लाहतिनेन,” त्याने खणखणीत आवाजात वाचलं. “फिनलंड, एक्केचाळीस. लाकूड...” तो थांबला. “लाकूड बर्चचं.”

वही मिटून माझ्यासमोर ठेवली. “छान चमकतेय, आयली,” म्हणाला, आणि आपल्या जागेवर जाऊन उगीचच बुटाची नाडी बांधत बसला.

आयली हसली. “तीन हात दिलेत,” ती म्हणाली. “दोन पुरत नव्हते.”

टाउनो जमिनीवर पालथा पडला. नव्या डोळ्यांनी माशी त्याला टाचणीच्या टोकासारखी स्वच्छ दिसत असणार. पहिली गोळी भरली, आणि अंगठा आपल्या सवयीने मानेकडे गेला. व्हार्निशवरून घसरला. परत गेला, परत घसरला. मला वाटलं आता तो उठेल. उठला नाही. श्वास अर्धा सोडला आणि गोळी झाडली. मग शांतपणे, एकेक करून, उरलेल्या नऊ. निशाण्याचा कागद आणला तेव्हा नऊ भोकं मधल्या काळ्या वर्तुळात होती आणि एक किंचित बाहेर. ते पहिल्या गोळीचंच असणार.

त्या दिवशी त्याच्याइतकं चांगलं कुणीच मारलं नाही. मला माहीत होतं, रुडीला माहीत होतं, आणखी चारदोघांना कळलं असेल. निकाल मी वाचले. पहिल्या नंबरचा तांब्याचा कॉफीचा चंबू रुडीला गेला. त्याने तो घेतला, पण वर उचलून दाखवला नाही.

“तुझं नाव कसं नाही रे?” आयली विचारत होती. “कागद तर मी बघितला.”

“नियम आहे ना. सगळं मूळचं हवं.” टाउनोने आपल्या डोळ्यांकडे बोट दाखवलं. “माझे हे दोन्ही बदललेत.”

“काहीतरीच नियम. कुठल्या शहाण्यानं केला?”

“मीच.”

आयली इतकी हसली की टोपलीतला पाव सांडता सांडता राहिला.

जुन्या काडतुसांच्या धुरात खार असतो, तो त्याच दिवशी धुतला नाही तर नळी आतून गंजते. म्हणून आमच्याकडे जेवायच्या आधी किटली. टाउनोने नळीत कढत पाणी ओतलं, पुसली, तेलाचा बोळा फिरवला. सगळं रोजच्यासारखं. घोंगडीत गुंडाळायला घेतली तेव्हा आयली म्हणाली, थांब. तिने गाठ मारली, दाताने दोरा तोडला आणि हातातलं निळं कापड झटकून त्याच्यापुढे धरलं. रायफलीचा अभ्रा होता, लांबलचक, आत फ्लॅनेलचं अस्तर.

“तिथं कुणीतरी चाकूनं काय काय कोरलेलं होतं,” ती म्हणाली. “घासताना जाणारच होतं. म्हटलं, तुझी ओळखीची खूण असेल, जायला नको. म्हणून आधी कागदावर उतरवून घेतली.”

अभ्र्याच्या मानेशी लाल दोऱ्यात दोन अक्षरं होती. ई आणि एच. खाली हिरव्या दोऱ्यात सुरूचं झाड.

“झाड जरा वाकडं होतं,” आयली म्हणाली. “सरळ केलं.”

टाउनोने रायफल अभ्र्यात सरकवली. बंद बांधला. ती खांद्याला लावून तो आयलीची खुर्ची उचलायला वाकला, आणि दोघं गाडीकडे निघाले. ती पुढे, टोपली घेऊन, रुडीला पाव दिला का नाही ते स्वतःशीच आठवत. तो मागून, सावकाश. त्याचा अंगठा कापडावर चढला, टाक्यांपाशी येऊन थांबला, आणि मग गाडीपर्यंत तिथेच राहिला.