सर, चालेल ना?

अधीक्षकबाईंना खुर्चीत बसून वर्ष होत आलं होतं, आणि अजून एकही निर्णय त्यांनी मोठ्या सरांना विचारल्याशिवाय घेतला नव्हता. मोठे सर म्हणजे रुग्णालयातले हाडांचे सर्जन. बाईंना त्यांनी शिकवलं होतं आणि हे ते कुणाला विसरू देत नसत. बाई मूळच्या भूलतज्ज्ञ. उभी हयात रुग्णाच्या उशाशी बसून पडद्यापलीकडच्या सर्जनला विचारण्यात गेली, "सर, चालेल ना?" आता अख्खं रुग्णालय हाताखाली आलं, तरी प्रश्न तोच. जित्याची खोड, दुसरं काय!

आज मात्र विचारण्यासारखं काही नव्हतंच. हत्यारं निर्जंतुक करणाऱ्या यंत्राची चाचणी फसली होती. चाचणीच्या कुपीतले जंतू मेले असते तर ती जांभळी राहिली असती. सिस्टरने आणून दाखवली ती पिवळीधमक होती. आणि थिएटरमध्ये त्याच यंत्रातली हत्यारं मांडून एका आजींचा खुबा बदलायची तयारी चालली होती.

बाई धावतच थिएटरच्या दाराशी गेल्या. मोठे सर हात धुऊन उभे होते.

"सर, माझं चुकत असेल, पण आज थांबलेलं बरं..."

"चुकतंयच," सर म्हणाले. "एक कुपी पिवळी झाली म्हणून आभाळ कोसळत नाही. आणि तुला ही खुर्ची का मिळाली, माहितीय? वरच्यांना एक बाई दाखवायची होती. दाखवायला आणलंय तुला. तर शोभेला बस, नसत्या गोष्टीत नाक खुपसू नकोस. एक दिवस उघडी पडशील."

मास्कच्या आड एक-दोघे हसले. कुपी घेऊन सिस्टर मागे येऊन उभी राहिली.

बाईंना राग आला, पण त्याआधी नवल वाटलं. ही वाक्यं त्यांना तोंडपाठ होती! दाखवायला आणलंय, एक दिवस उघडी पडशील. रोज सकाळी केस विंचरताना आरशासमोर त्या स्वतःला हेच ऐकवत होत्या. आपलं मन प्रामाणिक आहे, म्हणून खरं बोलतं, असं त्यांना वाटायचं. कसलं मन नि कसलं काय! हा माणूस इतकी वर्षं त्यांच्या डोक्यात फुकटचं बिऱ्हाड करून बसला होता. मग मात्र बाईंचं डोकं फिरलं.

"सिस्टर, आजींना वॉर्डात परत न्या. थिएटर बंद."

"कुणाला विचारून?" सर ओरडले.

"कुणालाच नाही. गाऊन घालू नका, सर."

"वर तक्रार करीन! आठवड्यात घरी बसशील!"

"करा," बाई म्हणाल्या आणि सगळे बाहेर पडल्यावर त्यांनी स्वतः कुलूप घातलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मघाशी हसलेले तर त्यांना वळसा घालून सरांच्या मागे गेले.

बाहेर आजींची लेक अंगावर धावून आली. "सकाळपासून आईला उपाशी ठेवलंय! तुम्ही कोण ऑपरेशन थांबवणार? मोठ्या डॉक्टरांना बोलवा, तुम्हाला काय कळतं यातलं?"

माझं चुकत असेल, हे शब्द सवयीने बाईंच्या ओठांपर्यंत आले. त्यांनी ते गिळले.

"मला कळतं," बाई म्हणाल्या. "बसा, सांगते."